अद्भुताला वजन लागतं



ज्या ग्रंथपालांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मुलांच्या कपाटाला कधी कुलूप लावू दिलं नाही, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. त्या कपाटातल्या ज्या वस्तूंना पुस्तक म्हणायचं की नाही यावर त्या काळी वाद होत, त्यांच्याविषयीच आज बोलायचं आहे. चांदोबाचे अंक, इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथा, रहस्यकथांची मुखपृष्ठं. हे सगळं मी शाळकरी वयापासून जमवत आलो. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर, पुण्याच्या जुन्या बाजारात, गावोगावच्या रद्दीच्या दुकानांत, आणि घर बदलणाऱ्या ओळखीच्या माणसांच्या माळ्यांवर. संग्राहक बोलायला उभा राहिला की गाडी लगेच दुर्मीळ अंक आणि त्यांच्या किमतींवर येते. आज तिकडे जायचं नाही. चित्रांविषयी बोलायचं आहे आणि ती काढणाऱ्या हातांविषयी.

राक्षस, प्रेतात शिरलेला वेताळ, उडता घोडा, दहा तोंडांचा राजा. यांतलं काहीही कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तरी एका चित्रकाराचा राक्षस पाहून मूल पान उलटायला बिचकतं, आणि दुसऱ्याचा राक्षस पाहून त्याला काहीच वाटत नाही. इतकी वर्षं ही पानं पाहून माझं मत असं झालं आहे की हा फरक वजनाचा आहे. देह जमिनीवर कसा उभा राहतो, ओझं उचलल्यावर कंबर कुठे वळते, ओलं धोतर मांडीला कसं चिकटतं, हे ज्याला काढता येतं त्याच्याच अद्भुतावर आपला विश्वास बसतो. शिंगं आणि सुळे कोणीही काढेल. सुळ्यांच्या मागे जबडा असावा लागतो.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण तुमच्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. चांदोबातले विक्रम आणि वेताळ. उपसलेली तलवार हातात घेतलेला राजा, खांद्यावर प्रेत, पायाशी कवट्या, भोवती स्मशान. हे चित्र काढलं के. सी. शिवशंकरन यांनी. ते 'शंकर' या नावाने सही करत. जन्म १९२४ चा, मृत्यू २०२० मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

हे चित्र पुन्हा एकदा नीट पाहा. आपण ते इतक्या वेळा पाहिलं आहे की आता पाहतच नाही. प्रेत काही राजाच्या खांद्यावर टेकवून ठेवलेलं नाही, ते लोंबतं आहे. त्याचा भार राजाच्या एका बाजूला पडला आहे, आणि तो तोलण्यासाठी राजाची दुसरी बाजू कामाला लागली आहे. हा माणूस चालतो आहे, दमला आहे आणि तरी थांबणार नाही, एवढं सगळं त्याच्या उभं राहण्यात आहे. गोष्टीच्या सुरुवातीला दर महिन्याला राजाच्या हट्टाचं जे वर्णन येई, ते वाचण्याआधीच मुलाला चित्रातून कळलेलं असे. वेताळ बोलतो, कोडं घालतो, उडून झाडावर जातो, हे सगळं आपण मान्य करतो, कारण त्याआधी त्याचं ओझं आपल्याला पटलेलं असतं.

शंकर हे शिकले कुठे? मद्रासच्या सरकारी कलाशाळेत. तिथे प्राचार्य होते देवीप्रसाद रायचौधरी. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर त्यांचं 'श्रमाचा विजय' हे शिल्प आहे. चार माणसं जोर लावून एक मोठा धोंडा हलवत आहेत. चेन्नईला गेलात तर त्या शिल्पाभोवती एक फेरी मारा आणि त्या माणसांच्या पोटऱ्या पाहा. ज्या शाळेचा प्रमुख हे शिल्प घडवणारा होता, त्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने प्रेताचं वजन काढलं, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. मुलांच्या मासिकातल्या चित्रामागे असं पक्कं शिक्षण उभं होतं. ही गोष्ट आपण कधी मुलांना सांगितली नाही, आणि मोठ्यांनी विचारलीही नाही.

चांदोबाचा पसाराच विलक्षण होता. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळ आवृत्त्या सुरू केल्या. मराठी चांदोबा १९५२ मध्ये आला, आणि शंकर त्या संस्थेत रुजू झाले तेही त्याच सुमारास. एकच चित्र अनेक भाषांच्या अंकांत छापलं जाई, फक्त शेजारचा मजकूर बदले. म्हणजे या चित्रकारांना असा देश काढायचा होता जो तेलुगू मुलालाही आपला वाटेल आणि विदर्भातल्या मुलालाही. पागोटं, अंगरखा, वाड्याचा दरवाजा, बैलगाडीचं चाक, सगळं असं बेतलेलं की कुठल्याच एका प्रांताचं नाही. तरी बारकाईने पाहिलं तर देवळाच्या शिखराला दक्षिणी वळण सापडतं, आणि माझ्या पिढीच्या कित्येक मराठी मुलांनी गोपूर प्रत्यक्ष पाहण्याच्या आधी चांदोबात पाहिलं.

शंकर यांच्या जोडीला 'चित्रा' होते, म्हणजे टी. व्ही. राघवन. दासरी सुब्रह्मण्यम यांच्या मांत्रिक, बेटं आणि राक्षसांनी भरलेल्या मालिका-कथांना त्यांची चित्रं असत. शंकर यांची रेषा अभ्यासाची. चित्रा यांची रेषा मोकळी, जरा खोडकर. त्यांच्या राक्षसांना पोट असे, आणि भूकही दिसे. एम. टी. व्ही. आचार्य आणि वड्डादि पापय्या यांची रंगीत पानं हा आणखी वेगळा विषय आहे. पापय्यांच्या रंगांवर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, इतकंच आज म्हणतो.

आता मुंबईकडे येऊ. १९६४ च्या मार्च महिन्यात टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि ते १९९० पर्यंत चाललं. एकूण ८०३ अंक निघाले. ली फॉक यांचा फँटम अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ ला अवतरला होता. मराठी मुलांना तो वेताळ म्हणून भेटला. बंगाली आणि शीख वाचकांचं मन राखण्यासाठी इकडे त्याच्या बेंगाला देशाचं डेंकाली झालं आणि त्याच्या वैरी सिंग चाच्यांचं सिंगा झालं, हे जाणकारांना माहीत आहेच.

वेताळाचे चित्रकार बदलत गेले आणि इंद्रजालच्या अंकांत ते उलटसुलट क्रमाने येत. आधीचे रे मूर, मग विल्सन मॅकॉय, आणि १९६१ पासून साय बॅरी. एकाच नायकाचे हे तीन देह शेजारी ठेवून पाहणं हे माझं आवडतं काम आहे. मूर यांचा वेताळ अंधारात राहतो, ब्रशने टाकलेल्या जाड सावलीतून अर्धाच दिसतो. मॅकॉय यांची रेषा साधी, जवळजवळ भाबडी. त्यांच्या पात्रांना सांधे कमी आहेत. बॅरी यांनी मात्र वेताळाच्या बोटातल्या कवटीच्या अंगठीला जोर दिला. गुंडाच्या जबड्यावर ठोसा बसतो तेव्हा बॅरी यांच्या चौकटीत नुसता हात पुढे येत नाही. मागचा पाय जमिनीत रुततो, खांदा फिरतो, आणि समोरच्याचं डोकं आधी जाऊन धड मागून येतं. माझ्या लेखी घट्ट पोशाखातला, बुरखा घातलेला, मरत नाही असं ज्याच्याविषयी सांगतात असा हा माणूस त्या मागच्या पायामुळे खरा होतो. मॅकॉय यांच्या भक्तांना हे पटणार नाही, पण मी माझं मत सांगतो आहे.

इंद्रजालच्या छपाईत या चित्रकारांवर अन्यायही झाला. वर्तमानपत्रातली पट्टी पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटी कापल्या गेल्या, गाळल्या गेल्या, काही वेळा फुग्यांनी चेहरे झाकले गेले. पण त्याच अंकांच्या बाहेर एक आपला माणूस होता. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवली. आत अमेरिकी पट्टी, वर मुंबईत रंगवलेलं चित्र. गोविंद यांनी वेताळाला मांस दिलं, उजेड दिला, आणि जंगलाला आपल्याकडच्या पावसाळ्यातला दमट हिरवा रंग दिला. पुढे डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला 'बहादूर' आला, त्याची चित्रं गोविंद यांचीच. केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला, दरोडेखोरांशी लढणारा तरुण. त्यातल्या दऱ्याखोऱ्या आणि धूळ पाहा. परदेशी पट्ट्यांवर पोसलेल्या मुलांना त्या चौकटीत पहिल्यांदा आपली धूळ दिसली.

अमर चित्र कथेविषयी मराठी माणसाने विशेष प्रेमाने बोलायला हवं. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही मालिका उभी केली, आणि तिचा बराच भार मराठी हातांनी उचलला. सुरुवातीचे अंक खर्च वाचवण्यासाठी पिवळा, निळा, हिरवा अशा मोजक्या रंगांत छापले जात. मालिकेची खरी ओळख घडवणारा 'कृष्ण' हा अकराव्या क्रमांकाचा अंक राम वाईरकरांनी काढला. मोजक्या रंगांत काम करायचं म्हणजे रेषेलाच सगळं सांगावं लागतं, आणि वाईरकरांची रेषा ते सांगू शकत होती. त्यांच्या बाळकृष्णाचं मनगट पाहा. त्यावर वळी आहे. लहान मुलाच्या मनगटावर दोरा बांधल्यासारखी जी घडी असते, ती. देव काढायचा म्हणून बाकी कितीही मुकुट आणि मोरपिसं आली, तरी ती घडी काढणाऱ्याने कधीतरी घरातलं मूल मांडीवर घेतलं आहे हे कळतं.

हेच वाईरकर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे चित्रकार. हेच पुढे 'टिंकल'मधल्या सुप्पंडीचे. पुराणातला देव, पुण्याचा सायकलवरचा किडकिडीत पोरगा आणि तमिळ लोककथेतला भोळा नोकर, तिन्ही एका हाताने काढलेले आहेत. २००३ मध्ये ते गेले. या सभागृहात ज्यांनी फास्टर फेणे वाचला नाही असं कोणी नसेल. आणि त्याचा चेहरा कोणी दिला, असं विचारलं तर किती हात वर होतील?

प्रताप मुळीक पुण्याचे. 'छत्रपती शिवाजी' हा अंक त्यांचा. शिवाजी महाराज काढायचे म्हणजे महाराष्ट्रात पाय घसरायला भरपूर जागा असते, कारण प्रत्येक घरात महाराजांची एक तसबीर असतेच आणि प्रत्येकाच्या मनात एक ठरलेला चेहरा असतो. मुळीकांनी चेहऱ्यापेक्षा हालचालीवर भर दिला. त्यांचे घोडे धावतात तेव्हा खुराखालची माती मागे उडते, आणि चौकटीतली माणसं एकमेकांवर आदळतात. पुढे १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी त्यांनीच नागराजचे पहिले अंक काढले. हिरव्या अंगाचा, मनगटातून साप सोडणारा हा नायक उत्तर भारतातल्या लाखो मुलांचा देव झाला, आणि त्याची पहिली घडण एका पुणेकराच्या टेबलावर झाली, हे आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. मुळीकांना साप अंगावरून सरकताना कसा दिसेल याची जाण होती. खवले सगळीकडे सारखे नाहीत, पोटाकडे ते रुंद होतात. अद्भुत नायकाला खरा साप मिळाला की तो नायक उभा राहतो.

अमर चित्र कथेचं ४२ अंकांचं महाभारत मुख्यतः दिलीप कदमांच्या हातचं आहे, त्याचा नुसता उल्लेख करून पुढे जातो, कारण माझ्या या वजनाच्या सिद्धांताला उलटं उत्तर देणारा एक चित्रकार मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. युसुफ लीन. त्यांची 'मीराबाई' पाहा. तिथे वजन जवळजवळ नाहीच. कापडाच्या चुण्या, फुलं, केस, कमानी, सगळं एका लयीत वाहतं आणि मीरा जमिनीवर पाय न टेकता चालल्यासारखी दिसते. आणि ते पटतं! मीरेच्या गोष्टीत तिला या जगाशी बांधून ठेवणारं काही उरतच नाही, मग चित्रकाराने तिला जड का करावं? लीन यांना देह काढता येत होता. त्यांनी तो जाणूनबुजून हलका केला. न येणं आणि न करणं यांतला फरक एक-दोन पानांत कळतो.

मराठी मुखपृष्ठांचा एक प्रवाह याच नदीला मिळतो. रघुवीर मुळगांवकर आणि दीनानाथ दलाल, दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला प्रतिष्ठा दिली. मुळगांवकरांची ख्याती एअरब्रशची. फवाऱ्याने दिलेला तो तलम उजेड इतर कोणाला तसा साधला नाही. त्यांच्या देवदेवता कॅलेंडरांतून घराघरात गेल्या, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवरही त्यांचाच हात होता. देवाच्या अंगावरचा तोच उजेड रहस्यकथेत बंदुकीच्या नळीवर पडे. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत या दोघांना मिळालेली जागा फार थोडी आहे, आणि ती वाढायला हवी, असं मी आग्रहाने म्हणतो.

जगात याच कलेकडे कसं पाहतात, हेही थोडं सांगतो. अमेरिकेतले फ्रँक फ्राझेटा हे अद्भुतचित्रांतलं मोठं नाव. १९६६ पासून त्यांनी कॉनन या रानटी योद्ध्याची मुखपृष्ठं केली आणि त्या प्रकारच्या पुस्तकांचं रूपच बदललं. त्यांचं 'इजिप्शियन क्वीन' हे १९६९ मधल्या एका भयकथांच्या मासिकाचं मुखपृष्ठ. त्याचं मूळ चित्र २०१९ मध्ये ५४ लाख डॉलरना विकलं गेलं. किमतीवर बोलणार नाही असं म्हटलं होतं, तरी हा आकडा सांगितला, कारण त्यामागे एक साधी गोष्ट आहे. फ्राझेटा छपाई झाल्यावर आपली मूळ चित्रं स्वतःकडे ठेवत. चित्र उरलं म्हणून त्याला भिंत मिळाली, संग्रहालय मिळालं, अभ्यासक मिळाले.

आपल्याकडे बहुतेकांचा व्यवहार पानामागे ठरलेल्या पैशांचा. चित्र दिलं, पैसे घेतले, संबंध संपला. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव नसे. मूळ बोर्ड परत मागायची पद्धत नव्हती, आणि छापखान्याचं काम झाल्यावर तो बोर्ड जपून ठेवण्याचं कोणाला कारण वाटलं नाही. म्हणून आपल्या हातात मूळ चित्र क्वचित येतं. उरतो तो छापील अंक. आपलं संग्रहालय म्हणजे हाच कागद, आणि तो वर्तमानपत्री कागद आहे. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की कागद पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. मधल्या पिना गंजतात आणि गंज पानात उतरतो. उरलेलं काम कसर करते.

नव्या आवृत्त्या आहेत की, असं मला नेहमी सांगितलं जातं. आहेत, आणि मुलांनी त्या जरूर वाचाव्यात. पण पुष्कळ जुन्या अंकांना संगणकावर नव्याने रंग भरले गेले आहेत. गालावर, दंडावर, आकाशात, सगळीकडे गुळगुळीत छटा. रेषेने आधीच सांगितलेली गोलाई रंग पुन्हा सांगतो, आणि त्या दोघांच्या बोलण्यात रेषा दबते. वाईरकरांच्या त्या मनगटावरची घडी जुन्या, तीन रंगांच्या पानात जितकी स्पष्ट दिसते तितकी चकचकीत छटांत दिसत नाही. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ज्याने त्याने पाहावं. माझा कौल जुन्या पानाला आहे.

ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून बोलतो आहे, म्हणून एक गाऱ्हाणं मांडतो. एका जुन्या वाचनालयाने बाद केलेले चांदोबाचे बांधीव खंड काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. बाइंडरने प्रत्येक अंकाची मुखपृष्ठं काढून टाकली होती, आणि खंड नीट दिसावा म्हणून तिन्ही बाजूंनी कडा कापल्या होत्या. चित्रकार सही करतो ती चित्राच्या खालच्या कोपऱ्यात. कटरखाली ती सही गेली होती. एका पानावर शेवटची दोनच अक्षरं उरली होती. ज्याने ते केलं त्याला दोष नाही. मासिकं तशीच बांधत आणि चित्राला सही असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण असे खंड महाराष्ट्रातल्या वाचनालयांत अजून असतील, आणि आजही नवे बांधले जात असतील.

म्हणून माझ्या मागण्या मी उघडपणे मांडतो. वाचनालयांनी मासिकं बांधताना मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ आत ठेवावं आणि कडा कापू नयेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो आणि चित्र खातो. पिना गंजल्या असतील तर काढून सुती दोऱ्याने शिवावं. घरात जुने अंक असतील त्यांनी रद्दीत घालण्याआधी एखाद्या संग्राहकाला किंवा वाचनालयाला दाखवावेत. ज्या घरांत चित्रकार होते, त्या कुटुंबीयांनी कच्ची रेखाटनं, पत्रं, पानांचे हिशेब यांतलं काहीही टाकू नये. हिशेबाच्या चिठ्ठीवरूनही कुठलं पान कोणाचं हे कळतं.

आणि या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला एक खास विनंती. तुमच्या सूचीत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत असे रकाने आहेत. त्यात चित्रकार हा एक रकाना वाढवा. फास्टर फेणेच्या नोंदीपुढे भागवतांच्या नावाशेजारी राम वाईरकर लिहा, अर्नाळकरांच्या जुन्या प्रतींपुढे मुळगांवकर लिहा, चांदोबाच्या खंडांपुढे शंकर आणि चित्रा लिहा. माझ्याकडच्या अंकांवरून तयार केलेली चित्रकारांची यादी मी आज सोबत आणली आहे. ती इथे ठेवून जातो. ज्यांना तीत भर घालता येईल किंवा दुरुस्ती सुचवता येईल, त्यांनी ती ग्रंथपालांकडे द्यावी.